एक मुंगी, एक बुरशी

मुंग्यांना 'झाँबी' करणारी, म्हणजे त्यांच्या वागण्याचा ताबा घेऊन शेवटी त्यांना मारणारी बुरशी एकच, ओफिओकॉर्डिसेप्स युनिलॅटरॅलिस, असं बरेच जण लिहितात. बरीच वर्षं तसंच मानलं जायचं. पण २०११ साली हॅरी इव्हान्स, सायमन इलियट आणि डेव्हिड ह्यूज या संशोधकांनी ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातल्या जंगलातून त्याच नावाखाली दडलेल्या चार नव्या जाती वेगळ्या काढल्या. चारही कॅम्पोनोटस मुंग्यांवरच्या (आपला मुंगळाही त्याच गटातला), पण प्रत्येकीची मुंगी वेगळी! म्हणून बुरशीला नावही मुंगीचंच: रुफिपेस मुंगीवरची ती कॅम्पोनोटाय-रुफिपेडिस.

म्हणजे बुरशीची जात ठरवायची तर आधी मेलेली मुंगी नीट ओळखता यायला हवी. नुसत्या फोटोवरून जात ठरवायची घाई करू नका, ही कळकळीची विनंती. मुंगीच्या मानेतून निघालेला बुरशीचा देठ बऱ्याच जातींत सारखाच दिसतो. खरा फरक बीजाणूंत (बुरशीच्या बियांसारख्या सूक्ष्म कणांत) असतो: लांबी, आकार, आतले पडदे आणि ते रुजतात कसे. त्यासाठी ताजा नमुना लागतो. मला तर हे रुजणं पाहणंच सगळ्यात सुंदर वाटतं. पुढे २०१८ मध्ये डीएनएची जोड देऊन आणखी १५ जातींचं वर्णन झालं.