मदत हवी आहे: रोवणीच्या दिवसांत फ्लूचा आलेख कसा वाचायचा?

गडचिरोलीकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातला प्रश्न आहे. आयएलआय (फ्लूसारखा आजार) म्हणजे ३८ अंश किंवा जास्त ताप, सोबत खोकला आणि सुरुवात गेल्या १० दिवसांतली. दर आठवड्याला अशा रुग्णांचं एकूण ओपीडीशी प्रमाण काढतो, कारण बाजाराच्या दिवशी गर्दी वाढते आणि नुसता आकडा फसवतो.

पण जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी लागली की बाया-माणसं बांधीतच. अंगात ताप असला तरी दवाखान्यात येत नाहीत. नेमका तेव्हाच पावसाळी फ्लू चढतो. आशाताईंनी घरोघरी शोधलेले ताप यात मिसळले तर भागाकार बिघडतो, सोडले तर साथ दिसत नाही. दोन वेगळ्या रेषा काढता का? कशा?

दुसरं, स्वॅब. व्हीटीएममधला (विषाणू टिकवणाऱ्या द्रवातला) नमुना २ ते ८ अंशांत, ७२ तासांच्या आत नागपूरच्या प्रयोगशाळेत पोचायला हवा. लशींच्या आयएलआरमध्ये (लशी साठवायच्या फ्रिजमध्ये) नमुने ठेवायचेच नाहीत. वेगळा फ्रिज नाही, वीज जाते. वेगळं व्हॅक्सिन कॅरियर (लशी न्यायची थंड पेटी), चार आइसपॅक, आत थर्मामीटर असं कुणी चालवतं का? आइसपॅक किती तासांनी बदलता? पूर आल्यावर नाला ओलांडून नमुने कसे पाठवता, तेही सांगा.