कांस झाकून वर रस्ता: समामध्ये हे होऊ द्यायचं का?

समा_वाला
मंडळी, जरा मोठं लिहितोय पण वाचा. बडोद्यातल्या समा भागात आमच्या सोसायटीच्या मागून पावसाळी कांस जाते, पुढे विश्वामित्री नदीला मिळते. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, कांस म्हणजे पावसाच्या पाण्याचा नाला, बडोद्यात गुजराती-मराठी सगळे कांसच म्हणतात. आता टीपी स्कीमच्या (टाउन प्लॅनिंग, म्हणजे नगररचना योजनेच्या) ड्राफ्टमध्ये ही कांस बॉक्समध्ये, म्हणजे काँक्रीटच्या बंद नाल्यात घालून वरून 18 मीटरचा रस्ता दाखवलाय. नकाशा लागलाय आणि हरकती द्यायला एक महिना आहे. मी हरकत देणार आहे, तुम्हीही द्या.

कारण सांगतो. ऑगस्ट 2024 आठवा. काळा घोड्याच्या पुलापाशी धोक्याची पातळी 26 फूट आणि नदी गेली 37 फुटांपर्यंत. आमच्याकडे पाणी पुढच्या रस्त्यावरून आलंच नाही, मागून कांसमधून आलं, नदीच उलटी चढली. पहाटे आईला दोघांनी खुर्चीसकट उचलून वरच्या शेजाऱ्यांकडे नेलं, खाली येईपर्यंत फ्रीज तरंगत होता. तीन दिवस लाइट नाही, प्यायला पाणी नाही, आणि अंधारात पायऱ्यांशी काही हललं की मगरच वाटायची, कारण मगरी खरंच सोसायट्यांमध्ये शिरल्या होत्या. पण नदी उतरायला लागली तेव्हा ह्याच उघड्या कांसने आमचं पाणी ओढून नेलं, बाकी गटारं सगळी तुंबलेली होती. तिच्यावर स्लॅब टाकायचा म्हणजे घराला एकच खिडकी आणि तीही विटांनी बुजवायची.

ट्रॅफिक आहे, मान्य. पण रस्त्यासाठी पाण्याची वाट का घ्यायची?

रोज_अपडाउन
समा_वाला काका, तुमचं दुःख खोटं नाही, पण आमचंही ऐका. आम्ही तुमच्या पुढच्या नव्या फ्लॅट्समध्ये राहतो. शंभर-शंभर घरांच्या सहा स्कीम झाल्या आणि बाहेर पडायला रस्ता तोच एक, तोही 9 मीटरचा, त्यात दोन्ही बाजूंना पार्किंग आणि संध्याकाळी भाजीच्या लाऱ्या (हातगाड्या). गेल्या डिसेंबरात माझ्या सासऱ्यांना छातीत दुखायला लागलं, अँब्युलन्स चार रस्त्याला अडकली, मी चालत जाऊन समोरच्या गाड्या बाजूला करत होतो. वाचले ते, देवाची कृपा. तुम्हाला पूर आला ते तीन दिवस, आमचा हा प्रकार रोजचा. आणि शाळेच्या व्हॅन? पोरं पावणेसातला निघतात कारण सात वाजता निघाली तर पोचत नाहीत.

पर्यायी रस्ता कुठून काढणार ते सांगा. दोन्ही बाजूंना बांधकाम झालंय, मोकळी पट्टी फक्त कांसचीच उरलीय.

समा_वाला
@रोज_अपडाउन मोकळी उरलीय ती पाण्यासाठी सोडली म्हणून उरलीय ना भाऊ. सासरे बरे आहेत हे वाचून बरं वाटलं. पण सहा स्कीमना परवानगी देताना 9 मीटरच्या रस्त्यावर इतकी घरं कशी बसली हा प्रश्न आधी विचारायला हवा, त्याची भरपाई कांसने का करायची.

कपातवाला
ह्या चर्चेत जमिनीवाल्याचं कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. आमची वडिलोपार्जित शेती ह्याच टीपीमध्ये गेली. टीपीचा हिशोब किती जणांना माहीत आहे? सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरतात, कपात करतात, उरलेली फायनल प्लॉट म्हणून परत देतात. आमची 40 टक्के गेली. आम्ही रडलो नाही, कारण उरलेल्या 60 टक्क्याला रस्ता मिळेल, ड्रेनेज मिळेल असं सांगितलं होतं. आता रस्ता नाही तर बांधकामाची परवानगी नाही, आणि परवानगी नाही तर तो प्लॉट म्हणजे नुसतं गवत. माझ्या भावाने मुलीच्या लग्नाला ह्याच प्लॉटवर कर्ज काढायचं ठरवलं होतं, बँक म्हणते आधी ॲप्रोच रोड दाखवा. उद्या तुम्ही हरकती देऊन रस्ता पाडलात तर आमची गेलेली जमीन परत देणार का कोणी?

कांस म्हणजे गंगा नाही. आठ महिने तिच्यात सांडपाणी वाहतं, वास येतो. बंद झाली तर लोक दुवाच देतील.

फतेगंज_ताई
वास आणि डास ह्याबद्दल कपातवाला भाऊंशी शंभर टक्के सहमत. माझ्या मुलीला डेंग्यू झाला होता, आमच्याही मागे अशीच कांस आहे. पण सांडपाणी कांसमध्ये सोडतं कोण? सोसायट्याच ना? ती जोडणी ड्रेनेजला करून द्या, कांस आपोआप कोरडी राहील. झाकून वास जाईल, घाण तिथेच राहील आणि मग ती कोणाला दिसणारही नाही.

निवृत्त_ड्राफ्ट्समन
मी टाउन प्लॅनिंगच्या कामात आयुष्य काढलं, बाजू घेत नाही, प्रक्रिया सांगतो कारण इथे बरेच जण भावनेवर लिहितायत आणि हरकत भावनेवर टिकत नाही.

गुजरातचा टाउन प्लॅनिंग कायदा 1976 चा. त्यात कलम 40 मध्ये टीपीच्या जमिनीची साधारण वाटणी दिलेली आहे, रस्त्यांसाठी 15 टक्के, बागा-मैदानं 5 टक्के, शाळा-दवाखान्यांसारख्या सोयींना 5 टक्के, आणि 15 टक्के विकून खर्च भागवायला. बेरीज 40. म्हणजे कपातवाला भाऊ म्हणतात ते बरोबर आहे आणि ते कोणाच्या मेहरबानीवर नाही. ड्राफ्ट प्रसिद्ध झाला की कलम 47 प्रमाणे एक महिन्यात हरकत द्यायची. पुढे सरकारने ड्राफ्ट मंजूर केला की कलम 48-ए ने रस्त्याची जमीन थेट योजना करणाऱ्या संस्थेच्या ताब्यात जाते, मग टीपीओची (टाउन प्लॅनिंग ऑफिसरची) नेमणूक होते, प्रत्येक प्लॉटवाल्याची सुनावणी होते, पण तोवर रस्त्याची आखणी बदलणं फार कठीण झालेलं असतं. म्हणून जे बोलायचं ते ह्याच महिन्यात बोला.

हरकतीत 'आमचा विरोध आहे' एवढंच लिहू नका. प्लॉट नंबर लिहा, कांसची आजची रुंदी मोजून लिहा, 2024 ची पाण्याची खूण जमिनीपासून किती उंच ते लिहा, फोटो जोडा. आणि बांधकामाच्या नियमात नाला-तलावाच्या हद्दीपासून 9 मीटर सोडायला सांगितलेत, ते खाजगी बांधकामाला लागतं तर मग रस्त्याच्या आखणीत त्याचा विचार कसा केलाय हे लेखी विचारा. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

साइटवरचा_इंजिनिअर
दोन्ही बाजूंना थोडं न आवडणारं लिहितोय.

बॉक्स वाईटच असतो असं नाही. पण बॉक्स आणि उघडी कांस ह्यात मोठा फरक आहे. उघडी कांस भरली की काठावरून पसरते आणि पुन्हा आत येते, बॉक्स भरला की पाणी प्रेशरने मॅनहोलमधून वर येतं, जिथे कोणाला अपेक्षा नाही तिथे, अगदी रस्त्याच्या मधोमध किंवा कोणाच्या पार्किंगमध्ये. दुसरं, गाळ. उघड्या कांसमध्ये मे महिन्यात जेसीबी उतरतो, चार दिवसांत काम होतं. बॉक्समध्ये माणूस उतरवायचा म्हणजे गॅसचा धोका, आणि मशीन आत वळत नाही, म्हणून सफाई कागदावरच राहते. तोंडाशी जाळी लावली नाही तर पहिल्याच पावसात गादी, झाडाची फांदी, प्लास्टिक, सगळं आत जाऊन अडकतं.

आता समा_वाला काका, तुमच्या पुराचं मूळ कांस नाही, नदी आहे. विश्वामित्री पावागडकडून येते, आजवा सरोवराचं पाणी तिच्यातच येतं, शहरात वळणं घेत जाते आणि पुढे ढाढरला मिळते. नदी 30 फुटांवर असेल तर तुमची कांस उघडी असो की बंद, पाणी उलटं येणारच. ते थांबवायला कांस नदीला मिळते त्या तोंडाशी एका बाजूने उघडणारं झडपाचं गेट लागतं. पण गेट बंद झालं की आतल्या भागात पडलेला पाऊस बाहेर जाणार नाही, म्हणून पंप लागतात. 31 जुलै 2019 ला एका दिवसात 20 इंचांच्या आसपास पडला होता, तशा पावसात नदी भरलेली आणि गेट बंद असेल तर आतल्या पाण्याला जागा पाहिजे. ती जागा आज ह्या उघड्या कांसच्या पोटात आहे. बॉक्स केला तर ती जागा कापली जाते, हाच माझा खरा आक्षेप.

रोज_अपडाउन
मग इंजिनिअर साहेब, तुमचं मत काय, रस्ता नको?

साइटवरचा_इंजिनिअर
रस्ता हवा, पण कांसच्या बाजूने, पोटावरून नाही. 18 मीटरच पाहिजे का? एका काठाला 9 मीटर, एकेरी वाहतूक, आणि परत यायला तुमचा जुना रस्ता. गाड्या चालतील, अँब्युलन्सही निघेल. ह्यात एका बाजूच्या कंपाउंड भिंती मागे घ्याव्या लागतील आणि तिथेच खरी अडचण येणार, कारण भिंत मागे घ्यायला कोणी तयार नसतं, माझी साइट असेल तेव्हा मीही हेच पाहिलंय.

सियाबागकर
मी जुन्या शहरातला, आमच्याकडे नदीचं पाणी येत नाही म्हणून बोलायचा हक्क कमी. तरी एक सांगतो, आजोबा सांगायचे की बडोद्यात घर घेताना लोक आधी विचारायचे, आजूबाजूला तळं कुठे आहे आणि पाणी कुठे जातं. महाराज सयाजीरावांनी आजव्याचं सरोवर बांधलं, शहराला पाणी दिलं, आजही पावसाळा लागला की सगळ्यांच्या तोंडी आजव्याची लेव्हल असते, 211 फूट झाली का, 212 झाली का. इतकं पाण्याचं भान असलेल्या गावात कांस म्हणजे रिकामी पट्टी असं कोणी समजावं ह्याचं वाईट वाटतं. 2021 मध्ये एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) विश्वामित्रीच्या बाबतीत हद्दी आखा, अतिक्रमणं काढा असं सांगितलं होतं, मग नदीला मिळणाऱ्या कांसना तोच न्याय का नको.

समा_वाला
इंजिनिअर साहेब, नदीचं सगळं पटलं, मी उगाच एकट्या रस्त्याला धरून बसलो होतो. काठाने 9 मीटरचा रस्ता असेल तर माझी हरकत नाही. त्यासाठी आमच्या सोसायटीची मागची भिंत पाच-सहा फूट आत घ्यावी लागली तरी मी मीटिंगमध्ये उभा राहून मांडेन. मागे आमचा तुळशीचा आणि पेरूचा भाग आहे, बायको रागावेल, पण मांडेन.

कपातवाला
काका, तुम्ही भिंतीचं बोललात म्हणून लिहितोय. माझा फायनल प्लॉट कांसला लागूनच आहे, काठाचा रस्ता माझ्या बाजूने आला तर आणखी जमीन जाईल, 40 च्या वर. ते मी देणार नाही, स्पष्ट सांगतो, खूप दिलं. तुमच्या बाजूने आला तर माझा पाठिंबा.

आणि अजूनही माझं म्हणणं आहे की रस्ता व्हायलाच हवा. मी हरकत देणार नाही, समर्थनाचं पत्र देणार. फक्त ड्राफ्ट्समन काकांनी सांगितलं तसं त्यात एक वाक्य टाकतोय, की स्लॅब टाकायचाच असेल तर बॉक्सची रुंदी आजच्या कांसपेक्षा एक फूटही कमी नको आणि दर शंभर फुटांवर जेसीबी उतरेल एवढं उघडं तोंड हवं. आजची रुंदी कोणी मोजली आहे का? नसेल तर रविवारी सकाळी मी टेप घेऊन येतो, दुसरं टोक धरायला एक जण लागेल.