प्रिंटसोबत फोटोमागची हकीकत द्यावी का?

धुकेवाला: निसर्गचित्रांचे प्रिंट विकायला काढतोय. प्रत्येकासोबत तो फोटो कसा मिळाला ते लिहून द्यावं, असं बायको म्हणते. माझं मत, फोटोनं स्वतःच बोलावं. तुमचा अनुभव?

पाणथळ: द्या हो, बायकोचं ऐका. माझा सगळ्यात जास्त खपणारा प्रिंट तळ्यातल्या वठलेल्या झाडाचा. लोक हटकून विचारतात, पाणी एवढं गुळगुळीत कसं? मग सांगते: कमरेपर्यंत गार पाणी, ट्रायपॉडचे पाय गाळात रुतलेले, शटर बराच वेळ उघडं आणि मी श्वास रोखून उभी. जरा पाय हलवला तर गाळ सरकणार, कॅमेराही डुलणार. एवढं ऐकलं की माणूस वळून पुन्हा फोटो बघतोच. फक्त ‘निसर्गाचं अलौकिक रूप’ छाप मजकूर नको, तो कुणी वाचत नाही.

काळापांढरा: अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्सचा न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावच्या चंद्रोदयाचा फोटो घ्या, १९४१ सालचा. उजेड मोजायचा लाइट मीटर सापडेना, म्हणून चंद्राच्या तेजावरून हिशेब करून एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा ते, ठरवलं. दुसरा फोटो घेईपर्यंत तिथल्या दफनभूमीतल्या क्रूसांवरचं ऊन गेलेलं! पण पुढे वर्षानुवर्षं प्रिंट काढताना अॅडम्स त्यातलं आभाळ गडद करत गेले. डार्करूममधली ही खटपटही सांगण्यासारखीच की.

धुकेवाला: पटलं. मजकूर प्रिंटच्या मागेच चिकटवू?

पाणथळ: अजिबात नको! साध्या गोंदानं कालांतरानं डाग पडतात. आम्लमुक्त कागदावर छापून वेगळ्या पाकिटात द्या.