मदत हवी आहे: ज्यांनी काम शिकवलं त्यांनाच चूक कशी सांगू?

भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात सहा महिन्यांपासून सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या) विभागाची सुपरवायझर आहे. हाताखाली ११ जण. त्यातल्या ५४ वर्षांच्या काकांनीच मला मशीन शिकवलं. सेटिंगमध्ये त्यांचा हात धरणारं कोणी नाही. पण पाळीच्या सुरुवातीला पहिला जॉब (मशीनवर तयार झालेला पहिला नग) मोजायचा असतो, तो ते मोजत नाहीत आणि तक्त्यावर आकडे अंदाजाने भरतात. गेल्या महिन्यात बोअर (आतलं गोल भोक) मोठा झालेले ४० नग भंगारात गेले. बोअर लहान राहिला असता तर पुन्हा मशीनवर घेता आला असता, मोठा झाल्यावर काहीच करता येत नाही.

सकाळच्या बैठकीत सगळ्यांनाच 'मोजमाप नीट घ्या' म्हणून पाहिलं. ज्यांची चूक नव्हती तेच ओशाळले. मग काकांना चहाच्या वेळी एकटं गाठलं, पण मी त्यांचं कौतुकच करत बसले आणि मुद्दा राहून गेला. आता दोन नवी मुलं त्यांचं बघून तसेच आकडे भरतात. मला खरी धास्ती याचीच आहे.

बोअर मोजायचे गेज कॅलिब्रेट केलेले (अचूकता तपासलेले) आहेत, प्रत्येक मशीनजवळ आहेत. एचआर विभाग नाही, मालक म्हणतात तूच बघ. मेमो मला द्यायचा नाही, त्यांची पाळीही बदलता येत नाही.

मान राखून, पण मुद्दा न गुळगुळीत करता, काकांशी बोलताना पहिलं वाक्य नेमकं काय असावं? आणि मुलांशी त्याआधी बोलू की नंतर?