सोलापुरात सर्व वयांसाठी ना-नफा संगीतशाळा: गट कसे पाडायचे, वाद्यं कोणती घ्यायची?

पूर्वभाग_सूर
मंडळाच्या हॉलमध्ये संध्याकाळची संगीतशाळा काढतोय. सिनेगीतं, भावगीतं, थोडं रॉक; शास्त्रीयचे वर्ग शहरात आहेतच. हॉल पहिल्या मजल्यावर, खाली बिऱ्हाड. आठ वर्षांच्या पोरांपासून निवृत्त मंडळींपर्यंत नावं आली आहेत. फी ज्याला झेपेल तेवढी. सगळ्या वयांना एकत्र बसवावं का? पहिल्यांदा कोणती वाद्यं घ्यावीत? आणि नोंदणीचं काय?

बास_जुळेसोलापूर
एकत्रच बसवा, पण वर्ग म्हणून नको, बँड म्हणून. पाच-सहा जण: दोन गिटार, एक बास गिटार, एक कीबोर्ड, एक कहोन (वर बसून हाताने वाजवायचं लाकडी खोकं), एक गाणारा. गाणं एकच, प्रत्येकाचं काम त्याच्या हाताच्या तयारीप्रमाणे.

पहिलं गाणं पांढरी दोनमध्ये, डी-जी-ए या तीनच कॉर्डचं निवडा. बासवर या तिन्ही तारा मोकळ्या मिळतात, म्हणजे नवख्याला डावा हात लावायचीही गरज नाही. नवीन गिटारवाल्याने फक्त समेवर एक झटका द्यायचा, मधलं स्ट्रमिंग तयार हाताने भरायचं. पहिल्याच दिवशी गाणं उभं राहतं.

खरी अडचण पट्टीची. शिकवणारा स्वतःच्या गळ्याची पट्टी धरतो आणि बायका-पोरं अंतऱ्यात चिरकतात किंवा खालच्या सप्तकात गुणगुणतात. अंतऱ्यातला सगळ्यात वरचा सूर आधी गाऊन घ्या आणि त्यावरून पट्टी ठरवा. आपल्याकडे गाणारे काळी एक, काळी चार, काळी पाच सांगतात आणि गिटारवाला घाबरतो. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, गिटारच्या पहिल्या पडद्यावर लावा: काळी एकला सी कॉर्डचा आकार, काळी दोनला डी, काळी चारला जी, काळी पाचला ए. काळी तीन असेल तर कॅपो दुसऱ्यावर आणि ई चा आकार. बासला कॅपो लावत नाहीत, त्यामुळे काळ्या पट्टीच्या गाण्यात बास जरा तयार हाताकडे द्या.

हार्मोनियम ठेवणार असाल तर आधी ट्यूनरवर, म्हणजे सूर मोजणाऱ्या यंत्रावर, तपासा. जुन्या पेट्या बऱ्याचदा ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या मापावर नसतात. पेटीचा सूर हलवता येत नाही, म्हणून ट्यूनरचं माप पेटीला जुळवून गिटारी लावायच्या. पण मग कीबोर्डचा सूरही तेवढाच सरकवावा लागतो, नाहीतर दोघं एकत्र वाजले की कान किटतात.

कराओके ट्रॅकवर सराव नको. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही, आणि लय धरायला कुणी शिकतही नाही. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ७० ठोक्यांवर लावून सुरू करा, दोन फेऱ्यांनी बंद करा आणि गाणं संपल्यावर पुन्हा लावून बघा किती पळालात. बहुतेक वेळा अंतऱ्यानंतर पळतात.

आणखी एक: यंत्रमागावर पाळी बदलणाऱ्यांसाठी तोच धडा आठवड्यातून दोन वेगळ्या वेळी ठेवा. नाहीतर महिन्याभरात गळती लागते. गाण्यांत तेलुगू आणि कन्नडही असू द्या, शब्द देवनागरीत लिहून द्या.

पडदे_आणि_तारा
एका बँडपुरतं सांगतो. आठ-अकराच्या पोरांना पाऊण आकाराची गिटार, त्यांतल्या लहान चणीच्यांना युकुलेली (चार तारांची छोटी गिटार). कीबोर्ड ६१ पट्ट्यांचा, पण दाबानुसार आवाज बदलणारा; नाहीतर बोटांना जोर कळतच नाही. बास ३० इंची स्केलची, म्हणजे आखूड तारांची, पोरांनाही पुरते. ज्येष्ठांची बोटं दुखतात, त्यांच्या गिटारवर ०.०१० इंची (पातळ) तारांचा सेट चढवा, सगळ्या तारा अर्धा सूर उतरवा आणि कॅपो पहिल्या पडद्यावर ठेवा: सूर तोच, ताण कमी. बाराव्या पडद्यावर तार साधारण २ मिमी उंच हवी. दुकानातून आलेल्या स्वस्त गिटारी बऱ्याचदा त्याहून उंच असतात, तेवढ्यावरूनच लोक शिकणं सोडतात.

ड्रमसेट लगेच घेऊ नका. इलेक्ट्रॉनिक घेतला तरी किकचा, म्हणजे पायाने वाजवायच्या ड्रमचा, धक्का स्लॅबमधून खाली जातोच. हेडफोन लावला म्हणून खालच्यांना झोप लागत नाही. घ्यायचाच तर १८ मिमी प्लायचे दोन थर आणि मध्ये टेनिस बॉल. खालच्या प्लायला दर फुटावर बॉलपेक्षा लहान भोक पाडा म्हणजे बॉल बसतो, घरंगळत नाही.

एप्रिल-मेमध्ये सोलापूरची कोरडी हवा गिटारीचं लाकूड आखडवते. गिटारीच्या मानेच्या कडेला पडद्यांची टोकं बाहेर येऊन हाताला कापतात, तारा खाली बसून खरखरतात. त्यावर कूलरसमोर गिटार ठेवणं हा उपाय नाही, तो उलट घोळ. दिवसा कूलर, रात्री बंद, म्हणजे लाकूड रोज फुगतं आणि आक्रसतं. केसमध्ये ठेवा, आत ओला स्पंज भोकाच्या साबणदाणीत घालून. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता पुरे, छोटं मीटर ठेवा.

अँप्लिफायरमधून घोंघाट आला तर अर्थिंग तपासा. सगळी यंत्रं एकाच बोर्डवर लावा. तिसरी पिन काढून घोंघाट थांबवणारे महाभाग भेटतील. त्यांना माइकजवळ येऊ देऊ नका, शॉक ओठाला बसतो.

कागदवाला
मंडळ आधीच नोंदलेलं असेल तर घटनेतले उद्देश वाचा, कला-शिक्षण बसत असेल तर नवी संस्था नको. नवी काढायची तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याने किमान सात सभासद, मग धर्मादाय कार्यालयात न्यास म्हणून नोंद. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. हा विसरतात आणि पुढे बँकेत सह्या अडकतात. आयकरात संगीतवर्गाला ‘शिक्षण’ धरतीलच असं नाही. ‘लोकोपयोगी काम’ धरलं तर फीसारखं व्यावसायिक उत्पन्न एकूण जमेच्या २० टक्क्यांवर जाता कामा नये. सीएला हे आधी विचारा. २,००० रुपयांवरची रोख देणगी घेतलीत तर देणाऱ्याला सवलत मिळत नाही, चेक किंवा यूपीआय सांगा.

पूर्वभाग_सूर
पालक विचारतात, दहावीला वाढीव गुण मिळणार का? आणि वार्षिक कार्यक्रम कधी ठेवावा?

बास_जुळेसोलापूर
ते गुण शास्त्रीय गायन-वादन, लोककला अशांसाठी. प्रवेशाच्या वेळीच स्पष्ट सांगा. कुणाला परीक्षा हवीच असेल तर ट्रिनिटी कॉलेज लंडन या संस्थेच्या रॉक अँड पॉप परीक्षा आहेत, इनिशियलपासून आठव्या ग्रेडपर्यंत, प्रत्येकीत तीन गाणी. सक्ती मात्र नको, फी जड असते.

कार्यक्रम डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, त्यानंतर परीक्षा; गणपती-नवरात्रात निम्मी पोरं लेझीम-ढोलात. पालकांपुरता आणि फुकट असेल तर गाण्यांच्या परवान्याची भानगड नाही. तिकीट लावलंत तर आयपीआरएसकडून (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) परवाना घ्या, तोही तारखेच्या आधी.