मदत हवी आहे: कूलंट कमी होतंय, बाहेर गळती मात्र कुठेच नाही

ऑनलाइन घेतलेली सेकंडहँड पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, चार सिलिंडर. तपासणी अहवालात इंजिन ‘ओके’. पण ती तपासणी गरम इंजिनवर झालेली, आणि हा दोष थंड इंजिनवरच दिसतो.

५०० किमीला साधारण ३०० मिली कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) जातं. रेडिएटर, वॉटर पंप, होज, पुढच्या सीटखालचं कार्पेट, सगळं कोरडं. ऑइल कॅपखाली पांढरट साय (ऑइलमध्ये कूलंट मिसळल्याची खूण) नाही. मात्र रात्रभर उभ्या गाडीचा वरचा होज सकाळीही फुगून कडक असतो आणि स्टार्ट केल्यावर काही सेकंद मिसफायर होतो (एखादा सिलिंडर नीट पेटत नाही). तीन स्पार्क प्लग तपकिरी, तिसऱ्या सिलिंडरचा वाफेने धुतल्यासारखा लख्ख. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तिथे ९ बार, बाकी तिन्हीकडे १२. त्या सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडूनही ९ च, म्हणजे पिस्टनच्या रिंगा ठीक असाव्यात.

माझा संशय हेड गॅस्केटवर (इंजिन ब्लॉक आणि वरच्या हेडमधलं सील) आहे. हेड उघडण्याआधी ब्लॉक टेस्ट करायची आहे (निळं द्रावण पिवळं पडलं की ज्वलनवायू कूलंटमध्ये शिरतोय). पुण्यात ही टेस्ट आणि हेडची प्रेशर टेस्ट नीट कोण करतं? हेडला बारीक तडा असेल तर नुसतं फेसिंग (हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करणं) करून गॅस्केट बदलणं वाया जाईल. हेड बोल्ट नवेच टाकायचे ना? गॅरेजवाला जुनेच चालतील म्हणतोय, मला पटत नाही.

लीक बंद करणारी पावडर कृपया सुचवू नका, हीटर कोअर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) तुंबतो.