सोटो गेला म्हणून नाही, झेल सुटले म्हणून

फटकेबाज हुआन सोटोला मेट्सकडे जाऊ दिलं हीच आपल्या न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाची सगळ्यात मोठी चूक, असं काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. मेट्सने त्याच्याशी केलेला करार 15 वर्षं आणि 76.5 कोटी डॉलरचा! तो मिळाला नाही म्हटल्यावर यांकीजने पिचर (चेंडू फेकणारा) मॅक्स फ्रीडला 8 वर्षांसाठी 21.8 कोटींत घेतलं, हा निर्णय चांगलाच होता. मुख्य पिचर गेरिट कोल कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे 2025चा अख्खा हंगाम बाहेर असताना फ्रीडनेच 19 सामने जिंकून दिले.

खरं दुखणं क्षेत्ररक्षणाचं आहे. 2024च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे डॉजर्सविरुद्धच्या अंतिम मालिकेचा, पाचवा सामना आठवा. आपण 5-0ने पुढे. पाचव्या डावात जजच्या हातातून सोपा झेल सुटला, मग शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) वोल्पीने तिसऱ्या बेसकडे केलेली फेक मातीत आपटली. तरी कोलने डॉजर्सच्या लक्स आणि ओहतानीला स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं. पुढे त्यांच्याच बेट्सचा संथ घरंगळत आलेला चेंडू आपल्या रिझोने अडवला आणि कोल त्याची फेक घ्यायला पहिल्या बेसकडे धावायचं सोडून तिकडे बोट दाखवत उभा राहिला. तो क्षण मी अजून विसरलेलो नाही. पाहता पाहता 5-5, आणि शेवटी 7-6ने हार. त्या रात्री सोटो आपल्याकडेच होता ना?

म्हणून वोल्पीचा मला जास्त राग येतो, म्हणजे त्याच्यापेक्षा त्याला खेळवणाऱ्यांचा. 2025मध्ये खांदा दुखावलेला असतानाही त्याला शॉर्टस्टॉपला उभं करत राहिले. जनरल मॅनेजर कॅशमन आणि मॅनेजर बून यांनी आधी ती जागा पक्की करावी, मग मोठा फटकेबाज शोधावा.